आई परत परत खोट्या सेलमध्ये फसत होती, काय केल्यावर थांबलं ते सगळं लिहितेय

आधी प्रॉब्लेम सांगते. आई मिरजेला एकटी असते, मी पुण्यात. तिच्या फेसबुकवर एकामागून एक सेलच्या जाहिराती येतात, आणि गेल्या गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत ती तीनदा फसली. पहिल्यांदा साडी, दुसऱ्यांदा त्याच साडीचा रिफंड, तिसऱ्यांदा मिक्सर. कळल्यावर मी तिला म्हणाले की आता काही मागवू नकोस, पण तेवढं सांगून काही झालं नाही. मग नीट बसून शोधलं की हे होतंय कुठून, कुठल्या पायरीवर थांबवता येतं, आणि फसल्यावर पहिल्या तासात काय करायचं असतं. ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय.

साडीचं असं झालं. "येवला पैठणी, कारखाना बंद होतोय, शेवटचा स्टॉक, 799" अशी जाहिरात होती. व्हिडिओत एक आजोबा हातमागावर बसलेले, पदरावर मोर, मागे मराठी बोलणं, सगळं इतकं खरं की मलाही क्षणभर खरं वाटलं असतं. व्हिडिओ खराच होता, फक्त दुसऱ्याच कुणाचा उचललेला होता. आईने कॅश ऑन डिलिव्हरी मागवली, म्हणजे तिने तिच्या परीने काळजीच घेतली होती. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत पार्सल आलं, कुरिअरवाल्याने पैसे घेतल्याशिवाय उघडू दिलं नाही, आणि आत निघाला जांभळ्या रंगाचा पॉलिस्टरचा तुकडा, पाच वार पण नसेल, त्याच्या एका कडेला सोनेरी पट्टी छापलेली. छापलेली, विणलेली नाही, नखाने खरवडली की सोनेरी भुकटी बोटाला लागत होती. पिशवीवरच्या लेबलवर पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे दोन अक्षरं आणि पुढे ट्रेडर्स, पत्त्यात गाळा नंबर आणि पिनकोड, बाकी काही नाही.

हे तिने मला सांगितलंच नाही. दिवाळीच्या साफसफाईला गेले तेव्हा कपाटात गोधड्यांच्या खाली ते पार्सल सापडलं. "अगं राहू दे, आठशेच रुपये होते, तू उगाच चिडली असतीस," म्हणाली. तिचं बरोबर होतं, मी चिडलेच असते, आधी एकदा अशीच चिडले होते. आणि हे लपवणं किती महागात पडलं ते खाली येईलच. माझ्या मते हा प्रॉब्लेम परत परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, तंत्रज्ञान वगैरे नंतर. ज्याला बोलणी खावी लागतात तो पुढच्या वेळी सांगत नाही, आणि जो सांगत नाही त्याला पुढचा फोन एकट्यानेच उचलावा लागतो.

आता एकेक पायरी.

जाहिराती थांबत का नाहीत

आईने एका सेलवर बोट ठेवलं की फेसबुकला कळतं की हिला असल्या जाहिरातीत रस आहे, मग तशाच दहा येतात. म्हणून एक जाहिरात ब्लॉक करून भागत नाही. प्रत्येक जाहिरातीच्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात, तिथून जाहिरात हाइड करायची आणि रिपोर्ट करताना फसवणूक किंवा स्कॅम असं कारण निवडायचं. हे चार-पाच दिवस सलग केलं पाहिजे, एकदाच करून फरक दिसत नाही. शिवाय सेटिंगमध्ये अकाउंट्स सेंटर, त्यात ॲड प्रेफरन्सेस, तिथे अलीकडे कुठल्या जाहिराती बघितल्या ते दिसतं, आणि कुठले विषय कमी दाखवायचे ते सांगता येतं. मी आईच्या शेजारी बसून तिच्याच हाताने करवून घेतलं, म्हणजे पुढच्या वेळी तिला येईल. जाहिराती पूर्ण गेल्या नाहीत पण आठवड्याभरात कमी झाल्याचं तीच म्हणाली.

ऑर्डर करायच्या आधी काय बघायचं

इथे लोक नेहमी सांगतात की किंमत खूप कमी असेल तर समजा फसवणूक. ते खरं आहे पण पुरेसं नाही. पैठणीचं उदाहरण सोपं आहे, हातमागावरची खरी पैठणी विणायला आठवडेच्या आठवडे जातात, भरगच्च पदर असेल तर महिने, तिला लागणारं नुसतं रेशीमसुद्धा आठशेत येत नाही, आणि हे येवल्यात एकदा जाऊन आलेल्या कुणालाही माहीत असतं. पण मिक्सर, चप्पल, बेडशीट याची खरी किंमत कोण सांगणार? सेल खरेही लागतात. म्हणून मी आता वस्तूकडे बघतच नाही, विकतोय कोण तेवढंच बघते.

पहिलं म्हणजे ते पेज. फेसबुक पेजवर अबाउटमध्ये पेज ट्रान्स्परन्सी म्हणून भाग असतो, तिथे पेज कधी सुरू झालं आणि आधी त्याचं नाव काय होतं ते दिसतं, कधीकधी पेज चालवणारे कुठल्या देशात आहेत तेही. साडीवाल्या पेजचं मी बघितलं तर ते मुळात शायरीचं पेज होतं, नाव दोनदा बदललेलं. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या तीन ठिपक्यांत अबाउट धिस अकाउंट असतं, त्यात खातं कधी उघडलं ते येतं. आणि मेटाची, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीची, ॲड लायब्ररी म्हणून एक जागा आहे, ती कुणालाही बघता येते, तिथे पेजचं नाव टाकलं की त्या पेजच्या सध्या चालू असलेल्या सगळ्या जाहिराती दिसतात. त्या साडीवाल्यांच्या जाहिरातींत पैठणी, गुडघेदुखीचं तेल आणि मुलांचं ड्रोन, तिन्ही होते, आणि तिन्हींचे कारखाने बंद होत होते.

दुसरं, वेबसाइट. फेसबुकच्या आतच लिंक उघडते तेव्हा वरचा पत्ता नीट दिसत नाही, म्हणून तीन ठिपक्यांतून बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडायची. मोठ्या ब्रँडचं नाव आणि त्याला चिकटून सेल, ऑफर, इंडिया असे शब्द, शेवटी डॉट शॉप किंवा डॉट टॉप असलं काही, तर तिथेच थांबा. पान रिफ्रेश करा, "ऑफर संपायला 9 मिनिटं" हे घड्याळ परत पहिल्यापासून सुरू झालं तर ते घड्याळच खोटं आहे. मग साइटचं वय बघायचं, व्हूइज नावाची शोध सेवा फुकट असते, तिथे पत्ता टाकला की तो कधी नोंदवला ते येतं. मिक्सरच्या साइटवर "1998 पासून आपल्या सेवेत" लिहिलं होतं, आणि पत्ता नोंदवून तीन आठवडे झाले होते.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं, विक्रेत्याचं नाव-पत्ता. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्सचे नियम 2020 मध्ये आले, त्यानुसार ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर देणं बंधनकारक आहे. हे नसेल, नुसता जीमेल आयडी आणि व्हॉट्सॲप नंबर असेल, तर मागवायचं नाही. जीएसटी नंबर असेल तर तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून बघा, लॉगिन लागत नाही. पंधरा अक्षरांचा नंबर असतो, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30, गुजरातचे 24, दिल्लीचे 07. येवल्याचा कारखाना म्हणवणाऱ्याचा नंबर 07 ने सुरू होत असेल तर विचारा ना त्याला. पोर्टलवर व्यापाऱ्याचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झालीय तेही येतं. खोटे लोक दुसऱ्याचा नंबरही उचलून लावतात, म्हणून नाव जुळतंय का ते बघणं महत्त्वाचं.

यात एक गोष्ट सांगायलाच हवी. घरून मसाले, लोणची, साड्या विकणाऱ्या कितीतरी बायका इन्स्टाग्रामवर आहेत, छोटा धंदा असल्याने जीएसटी नंबर नसतो, वेबसाइट नसते, आणि त्या अगदी सचोटीने काम करतात. या चोरांमुळे त्यांचं गिऱ्हाईक तुटतं याचं मला फार वाईट वाटतं. अशा ठिकाणी सरळ व्हिडिओ कॉल मागायचा. "ताई, साडी जरा उलटी करून दाखवता का, पदराची मागची बाजू बघायचीय," एवढं म्हणायचं. हातमागावरच्या पैठणीचा पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो, यंत्रावरच्या नकलेला मागे धाग्यांचं जाळं किंवा कातरलेली टोकं असतात. जिच्याकडे साडी आहे ती आनंदाने दाखवते. ज्याच्याकडे चोरलेला व्हिडिओच आहे तो म्हणतो नेटवर्क नाहीये मॅडम, पाच मिनिटांत ऑफर संपतेय. रेशमाची खात्री हवी असेल तर सिल्क मार्कचं लेबल विचारा.

पैसे देताना

मिक्सरच्या वेळी असंच झालं. प्रीपेड केलं तर दोनशे रुपये कमी, म्हणून आईने 1,499 यूपीआयने भरले. यूपीआयवर पैसे जायच्या आधी घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव समोर येतं, ते वाचायची सवय आता लावलीय. दुकानाचं नाव एक आणि स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव, तर पिन टाकायचा नाही. आणि पिन हा पैसे पाठवायला लागतो, पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, काहीही लागत नाही. हे मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या फोनच्या कव्हरमध्ये मागे सरकवून ठेवलंय.

कार्ड वापरत असाल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करून ठेवा, कारण बाहेरच्या काही साइटवर ओटीपीशिवायही पैसे कापले जातात. आणि यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे, म्हणजे ठरलेले पैसे आपोआप कापायची परवानगी, हा भाग एकदा उघडून बघा, तिथे तुम्ही कधी मंजूर केलंय हे आठवतही नसेल असं काही निघालं तर रद्द करा.

दारात पार्सल आल्यावर

कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे सुरक्षित, हा समज आईसारखाच खूप जणांचा आहे. कॅशमध्ये तुमच्या खात्याला धोका नसतो एवढंच, दिलेले पैसे मात्र परत मिळवणं जास्त अवघड, कारण ते कुरिअरवाल्याच्या हातात गेले आणि त्या बिचाऱ्याला आत काय आहे ते माहीतही नसतं, त्याच्याशी भांडू नका. न मागवलेली पार्सलंही येतात, घरात विचारतात कुणी मागवलंय का, कुणीतरी मागवलं असेल म्हणून शेजारचे काका पैसे देऊन टाकतात.

आमच्याकडे उपाय साधा केला. काही मागवलं की भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचं, काय, कुठून, किती रुपये. दुधाचा हिशोब तिथेच असतो, त्याच्या शेजारी. पार्सल आलं की कॅलेंडर बघायचं, तिथे नसेल तर "आमचं नाही" म्हणून परत पाठवायचं, तो आपला हक्क आहे. घेतलं तर उघडताना व्हिडिओ काढायचा, आधी लेबल दिसेल असं, मग न थांबवता फोडायचं. पिशवी आणि लेबल टाकून द्यायचं नाही, तक्रारीला तोच पुरावा.

रिफंडवाला फोन

हा भाग नीट वाचा, कारण खरी फसवणूक इथे आहे, साडी म्हणजे नुसती सुरुवात. साडी खराब निघाल्यावर आईने त्या पेजवर मेसेज केला. दुसऱ्या दिवशी फोन आला, अतिशय गोड बोलणारा मुलगा, "आई, तुम्ही माझ्या आईसारख्या आहात, पूर्ण पैसे परत देतो." त्याच्याकडे ऑर्डर नंबर होता, पत्ता होता, रक्कम होती, साहजिकच, माल पाठवणाऱ्याकडे ते असणारच, पण आईला वाटलं की एवढं माहीत आहे म्हणजे कंपनीचाच माणूस. त्याने स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावलं, म्हणजे आईच्या फोनवरचं सगळं त्याला तिकडे दिसायला लागलं, मग यूपीआय ॲप उघडून रिफंड कोड म्हणून 4999 हा आकडा टाकायला सांगितला आणि खाली पिन. तो कोड नव्हता, ती रक्कम होती. आठशे रुपये परत मिळवायला गेली आणि पाच हजार गेले.

हे तिने मला अकरा दिवसांनी सांगितलं. गोधड्यांखालचं पार्सल सापडलं म्हणून, नाहीतर सांगितलंच नसतं.

फोनवर कुणीही ॲप टाकायला सांगितलं, मग ते एनीडेस्क असो, दुसरं काही असो, की व्हॉट्सॲपवर पार्सल ट्रॅक करायची म्हणून आलेली एपीके फाइल (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट ॲप बसवणारी फाइल) असो, फोन ठेवायचा. एपीके फाइल टाकली गेली तर ती मेसेज वाचते, ओटीपी तिकडे जातात. असं झालं तर लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय बंद करा, मग फोन फॅक्टरी रीसेट. आणखी एक प्रकार, कुरिअरवाल्याशी बोलायला अमुक नंबर लावा म्हणतात आणि तो *21* ने सुरू होतो. त्याने तुमचे येणारे कॉल दुसऱ्या नंबरवर वळतात. लावला गेला असेल तर ##002# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग निघतं. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे चोरांनीच नंबर टाकून ठेवलेले असतात. ज्या ॲपवर ऑर्डर केली त्याच ॲपच्या मदत विभागातून संपर्क करा.

फसलात तर पहिल्या तासात

1930 ला फोन, ती सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. आधी हा, बाकी सगळं नंतर. लागला नाही तर लावत राहा, आणि मध्ये सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर ऑनलाइन तक्रार भरायला घ्या. घाई का, तर आपण स्वतः पिन टाकलेला असतो, त्यामुळे बँक म्हणते व्यवहार तुम्हीच केलाय. मग मार्ग एकच उरतो, चोराच्या खात्यात पैसे असेपर्यंत ते तिथेच गोठवणं. ते लोक काही मिनिटांत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवतात आणि एटीएममधून काढतात. अकरा दिवसांनी आम्ही तक्रार केली तेव्हा 4,999 मधला एक रुपयाही कुठे शिल्लक नव्हता.

फोनवर विचारतात ते हाताशी ठेवा, बँकेचं नाव, रक्कम, वेळ, आणि यूपीआय ॲपमध्ये व्यवहाराखाली दिसणारा 12 अंकी संदर्भ क्रमांक. तक्रारीचा पोचक्रमांक लिहून घ्या. त्याच दिवशी स्वतःच्या बँकेलाही लेखी कळवा. तुम्ही केलेलाच नाही असा व्यवहार खात्यातून गेला असेल तर गोष्ट वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तोटा ग्राहकावर येत नाही, म्हणून मेसेज आला की बघू नंतर म्हणू नका.

कॅश ऑन डिलिव्हरीत खराब माल आला तर 1915, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. विक्रेत्याचा पत्ता हाताशी असेल तर ग्राहक आयोगातही जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही. संशयास्पद फोन, मेसेज आले, पैसे गेले नाहीत, तरी संचार साथी या सरकारी पोर्टलवर चक्षू नावाची सोय आहे, तिथे नंबर कळवा.

मिक्सरच्या वेळी मात्र आईने मला वीस मिनिटांत फोन केला. मी ऑफिसमध्ये होते. तिचा आवाज ऐकूनच कळलं. यावेळी मी एवढंच म्हणाले, "बरं झालं लगेच सांगितलंस, आता तो बारा आकड्यांचा नंबर वाचून दाखव." तिने चष्मा लावून एकेक आकडा वाचला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आला. मी तिकडे 1930 लावत होते, चौथ्या प्रयत्नात लागला.

1,499 पैकी 1,100 होल्ड झालेत असा मेसेज आलाय. ते खात्यात परत यायला पोलीस स्टेशनला अर्ज आणि कागदपत्रं द्यावी लागणार आहेत, पुढच्या शनिवारी मिरजेला जाऊन आईला घेऊन तेच करायचंय. कुणी ही प्रक्रिया पूर्ण केली असेल तर किती दिवस लागले ते नक्की सांगा.